पल्याडनीचा जवाब

दगूबाईने मेलेल्या बाईच्या दारात बसून तिलाच शिव्या घातल्या, ही बातमी निंबोण्याहून निघाली आणि नदी ओलांडून अंबाखेड्यात पोचली, ती खुद्द दगूबाईच्या आधी. ती घरी येऊन पाय धुते न धुते तोच पिठाच्या गिरणीवर शिव्यांच्या जोडीला थुंकणं आलं. पपईच्या शेतात थुंकण्याच्या जोडीला चप्पल आली. शहाद्याच्या जीपमध्ये तर त्या मेलेल्या फुलीबाईच्या लेकाने दगूबाईला हात धरून ओढत नदीपर्यंत आणलं, असं एका बाईने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती बाई त्या दिवशी दोंडाईच्याला नणंदेकडे होती, ही गोष्ट वेगळी.

आता खरं काय ते. चप्पल तिने काढली होती, कारण दारावर, म्हणजे मयताच्या घरी भेटायला, जाताना सगळेच काढतात. थुंकली नाही. ओढलं कोणी नाही. शिव्या मात्र दिल्या. पण फुलीबाईला दिल्या हे खोटं. त्या तिने स्वतःला दिल्या, आणि फुलीबाईच्या वतीने दिल्या. हे समजायला दोन्ही गावांना आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उजाडावी लागली, कारण दोन्ही गावांत कान भरपूर आहेत, पण ऐकायचं काम ते फारसं करत नाहीत.

हे कळायचं तर आधी बार कळला पाहिजे. गोमाईच्या एका काठाला अंबाखेडं, दुसऱ्या काठाला निंबोणं. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात, पुरुषमाणसं चिंचेखाली पत्ते कुटत बसलेली असतात. उन्हं कलली की दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहतात आणि मधल्या कोरड्या पात्रावरून एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात. याला बार खेळणं म्हणतात. यात कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. समोरची ती फक्त ‘पल्याडनी’, म्हणजे पलीकडच्या काठाची. आपला काठ सोडायचा नाही. आणि दिवस मावळेपर्यंत ज्या बाजूचा जवाब आला नाही, ती बाजू हरली. वर्षभर मग त्या गावच्या बायकांना बाजारात मान खाली घालून भाजी घ्यावी लागते.

तीस वर्षं अंबाखेड्याची तोफ दगूबाई आणि निंबोण्याची तोफ फुलीबाई. दगूबाई अंगाने काडी, आवाजाने नगारा. फुलीबाई अंगाने ऐसपैस, पण आवाज असा गोड की शिवी खाल्ल्यावरही माणूस दुसरी मागेल. एका आखाजीला दगूबाईने सुनावलं होतं:

*पल्याडनी मोठी सुगरण, भाकरले पाडस भोक,*
*भोकमातून तारा मोजतस तिना उपाशी लोक.*

त्यावर फुलीबाईने श्वासही न घेता परत पाठवलं:

*पल्याडनी नाचाले गयी, लुगडानी गाठ सुटी,*
*सासरा म्हणे आवर वं, ती म्हणे ढोलकी फुटी.*

दगूबाईचा सासरा तेव्हा हयात होता आणि पत्ते टाकून उठून गेला होता. लोक म्हणायचे, या दोघी समोरासमोर आल्या तर एकमेकींचे केस उपटतील.

लोकांचं काय जातं म्हणायला. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. पहिल्या उन्हाळ्यात नदीच्या पात्रात पाण्यासाठी झिरा खणताना दोन्ही काठांच्या सुना एकाच खड्ड्यापाशी भेटल्या, भांडल्या, आणि भांडण संपलं तेव्हा एकीच्या कमरेवर दुसरीची घागर होती. पुढे पपईच्या तोडणीला दोघी एकाच टोळीत जायच्या. फळाला रद्दीचा कागद गुंडाळता गुंडाळता शिव्या जुळवायच्या. फुलीला अक्षर येत नव्हतं. दगूबाई चौथी पास, ती त्याच रद्दीच्या कडेला कोऱ्या जागेत लिहून घ्यायची. ज्या ‘उपाशी लोक’वर अंबाखेड्याने टाळ्या पिटल्या, तो शब्द मुळात फुलीनेच सुचवला होता, स्वतःच्या भाकरीविरुद्ध. गावाला हे माहीत नव्हतं. आखाजीला जिंकणाऱ्या गावाला नारळ मिळायचा आणि त्यातला अर्धा दुसऱ्या दिवशी पदराखालून नदी ओलांडायचा. फक्त शेवटची एक शिवी दोघी एकमेकींपासून लपवून ठेवायच्या. तेवढं भांडण खरं असायचं.

मागच्या आखाजीच्या आधी फुलीबाई लेकाकडे, जगदीशकडे, सुरतेला राहायला गेली होती. गुडघे दुखतात म्हणून गेली, असं सांगून गेली. आखाजीला आली ती नवी साडी नेसून, थोडी वाळलेली. दगूबाईने लपवलेली शेवटची शिवी बाहेर काढली:

*पल्याडनी सुरतले गयी, नळनं पानी पेस,*
*नदी इचारस कोण वं तू, काय वळख देस?*

अंबाखेड्याचा काठ हसून लोळला. पलीकडे फुलीबाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. दिवस मावळला. तिने दोन्ही हात वर करून सांगितलं की जवाब तयार आहे पण आज देणार नाही, पुढच्या आखाजीला देईन, तोवर पल्याडनीने वर्षभर खाजवत बसावं. अशी मुदत कोणी कधी मागितली नव्हती. पण मागणारी फुलीबाई होती, म्हणून दोन्ही काठांनी दिली.

माघात ती सुरतेतच गेली.

दगूबाईला हे कोणी सांगितलं नाही. तिची सून कामिनी मोबाइल बघत भाजी निवडत होती. निंबोण्याच्या कोणाच्या तरी स्टेटसवर फुलीबाईचा फोटो आला, भोवती गुलाबाची फुलं फिरत होती आणि मागे बासरी वाजत होती. कामिनीला वाटलं वाढदिवस आहे. तिने कौतुकाने सासूला दाखवला. दगूबाईने खालची अक्षरं वाचली. चौथी पास असल्याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

आणि मग राग थांबायलाच तयार होईना. दुखणं वर्षभराचं होतं, हे आता सगळ्यांना माहीत होतं, गिरणीवाल्यालासुद्धा. तिला तेवढे गुडघे सांगितले होते. सुरतेला जाळलं, तिकडच्या तिकडे. ज्या बाईचा जन्म गोमाईच्या वाळूत गेला तिला गोमाईचं पाणीही लागलं नाही, आणि स्टेटसवर काय, तर बासरी. फुलीला बासरीचा वैताग यायचा. ढोलकी तरी लावायची होती. दगूबाई हे सगळं भांड्यांना ऐकवत होती आणि भांडी नेहमीपेक्षा जोरात आदळत होती. रडली मात्र नाही. कामिनीने हे गल्लीत सांगितलं, आणि गल्लीने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

जगदीश बायकोमुलांना घेऊन निंबोण्याला आला तेव्हा दारावर जायला बायकांची रीघ लागली. दगूबाईही गेली. दारात पोचताच प्रत्येक बाई गळा काढायची, मेलेलीचे गुण सांगून रडायची, आणि पाणी पिऊन ऊस कोणत्या कारखान्याला गेला ते विचारायची. दगूबाईची पाळी आली. ती फुलीच्या उंबऱ्याला टेकून बसली, समोर नदी आणि नदीपलीकडे तिचं स्वतःचं गाव दिसत होतं. रडणं काही येईना. आलं ते भलतंच, हळू आवाजात, पण बाराच्या चालीवर:

*पल्याडनी नदीनी मालकीण, काठवर बठस,*
*रेती गयी, पानी गयं, इनी जीभ तेवढी उठस.*

जगदीश बाराव्या वर्षी सुरतेला गेलेला. त्याला ‘पल्याडनी’ म्हणजे आपली आई, एवढंच लहानपणापासून माहीत. कारण ही शिवी दगूबाईच्या तोंडून तो आयुष्यभर आईसाठीच ऐकत आला होता. तो उठला, तिच्यापाशी उकिडवा बसला आणि अगदी हळू म्हणाला, “मावशी, तू आते घर जाय.”

समजावून सांगायचं म्हणजे फुली मेली हे तोंडाने म्हणावं लागणार होतं. ती उठून चालू पडली. मागून निंबोण्याचा निरोप आला: आखाजीच्या आधी चारचौघांत माफी माग, नाहीतर या काठावर पाय ठेवू नकोस.

यावर अंबाखेड्याने काय करावं? अंबाखेड्याने तिचं अभिनंदन केलं. खरंच. हौदावर बायका तिच्या पाठीवर थाप मारून गेल्या. उपसरपंच ललित, ज्याची दोन ट्रॅक्टरं सकाळ-संध्याकाळ रेती भरायला नदीच्या पात्रात उतरलेली असतात, तो मुद्दाम दारात येऊन म्हणाला की काकू, या वर्षी बार खेळायचीही गरज नाही. त्यांच्याकडून जवाब यायचा होता, जवाब देणारी राहिली नाही, म्हणजे आपण जिंकलोच. नारळाला तो भगवा कागदही लावणार होता.

दगूबाईने त्याच्यासमोरच दार लावून घेतलं. फुली हरली, हे तिच्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. आता ते दाराच्या आत येऊन बसलं. तीस वर्षांचा हिशेब बरोबरीत होता आणि आता कायमचं असं राहणार होतं की नदीने फुलीला ओळख विचारली आणि फुलीकडे उत्तर नव्हतं. आणि हे विचारलं कोणी? तिनेच. हसण्यासाठी. मेलेल्या बाईवर मिळवलेला तो विजय तिला अंगावरच्या मुंगळ्यासारखा झटकून टाकावासा वाटत होता, आणि गाव त्याला नारळ लावायला निघालं होतं.

तेव्हा तिने ठरवलं. जवाब येईल. फुलीचाच येईल, आणि निंबोण्याच्याच काठावरून येईल.

ठरवणं सोपं होतं. स्वतःला शिव्या देणं किती कठीण असतं हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. दुपारी पडवीत रद्दीचा कागद घेऊन ती बसली आणि एकही दोष सापडेना. शेवटी तिने सुनेला हाक मारली आणि आपल्यात काय काय खोट आहे ते सांग म्हणाली. कामिनीने आधी देवाची शपथ घेऊन सांगितलं की आत्या, तुमच्यात काहीच खोट नाही. दगूबाई म्हणाली राग धरणार नाही. मग कामिनीने पदर खोचला. चहात पाणी, भाताला मीठ नाही, झोपेत घोरणं, शेजारणीचं लसूण उसनं आणून परत न देणं, नातवाला खोकला आला की सुनेच्या माहेरावर घसरणं. चहाची वेळ झाली तरी यादी चालू होती. दगूबाईने सगळं लिहून घेतलं, मग सगळं खोडलं. यातलं काही फुलीने म्हटलं नसतं. फुली भातापर्यंत कधी थांबलीच नाही. ती नेमकं दुखतं तिथे बोट ठेवायची आणि वर गोड हसायची.

दुखत कुठे होतं हे दगूबाईला माहीत होतं. ती ते नाव घ्यायचं टाळत होती इतकंच. दिवाळीनंतर सुरतेहून फुलीचा फोन आला होता. एक डाव येऊन जा वं, म्हणाली होती. एवढंच, कशासाठी ते नाही. दगूबाई हसून म्हणाली होती, येईन, पपईची तोडणी होऊ दे, आणि तू तोवर जवाब तयार ठेव. पपईची तोडणी मग लांबली, भाव पडला म्हणून निम्मी पपई झाडावरच पिकली, आणि माघ आला.

तिने कागद उलटा केला आणि ते लिहिलं. एकदाच लिहिलं, खोडलं नाही.

आखाजीला निंबोण्याच्या प्रत्येक घरात मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरून ठेवतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. फुलीबाईची ही पहिली घागर, म्हणून जगदीश सुरतेहून आला होता. चार वाजता दोन्ही काठ बायकांनी भरले, अंबाखेड्याचा जरा जास्तच, कारण जिंकणं फुकटचं होतं. आणि अंबाखेड्याच्या काठावरून दगूबाई खाली पात्रात उतरली.

आधी सगळ्यांना वाटलं ती माफी मागायला चालली. वाळूत ट्रॅक्टरांनी केलेले खड्डे चुकवत, कुठे खड्ड्यात उतरून पुन्हा चढत, पंचावन्न वर्षांची ती काडी भर उन्हात पलीकडे पोचली. जगदीश काठावर आडवा उभा राहिला. आईची घागर आहे आज, मावशी, एवढंच म्हणाला. रागापेक्षा त्यात थकवा होता.

दगूबाईने खाली मान घातली नाही. “जगदीश, तू आठे, मन्हाजोडे उभा ऱ्हाय,” ती म्हणाली. “आते सांग, आठून पल्याडनी कोण?”

त्याने समोर पाहिलं. कोरडी नदी, मग अंबाखेड्याचा काठ, काठावर रंगीबेरंगी पदर, त्यांच्या मागे पिंपळ, आणि पिंपळाशेजारी पत्र्याची पडवी. दगूबाईचं घर. त्या दिवशी उंबऱ्याला टेकून बसलेल्या बाईच्या समोर नेमकं काय दिसत होतं, ते आता त्याच्या समोर होतं. तो बाजूला झाला.

फुलीबाईची थोरली जाऊ दिवलीबाई एका दगडावर बसली होती. ऐंशीच्या घरातली, कानाने कमी, पण बाकी सगळ्यांपेक्षा आधी समजलं ते तिलाच. ती सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

“ये वं,” ती म्हणाली. “फुली आठेच उभी ऱ्हास.”

दगूबाई तिथे उभी राहिली. समोर तिचं गाव, तिच्या बायका, तिची सून. नदीच्या मालकिणीची शिवी तिने आता पूर्ण आवाजात दिली. ‘रेती गयी’ला अंबाखेड्याच्या काठावर ललित उभा होता तिथे काही माना वळल्या. मग ती थांबली. नगाऱ्याचा आवाज तिने खाली आणला, फुलीसारखा, गोड करायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि तशाच चिरक्या आवाजात तिने म्हटलं:

*सुरतले ये म्हणं तिले, तं म्हणे पपई तोडानी शे,*
*पपई पिकी, पपई सडी, पल्याडनी तठेच शे.*

निंबोण्याच्या बायका हसायला तोंड उघडून तशाच राहिल्या. काय लागलं ते सगळ्यांना लागलं होतं. जगदीशने विचारलं, आई तुला बोलावत होती? दगूबाई व्हय म्हणाली. तो घरात गेला, घागरीतलं तांब्याभर गार पाणी आणलं आणि तिला प्यायला दिलं. आईच्या नावाचं पाणी तिसऱ्याच बाईला दिल्याबद्दल घरातल्या बायकांनी पुढे आठवडाभर चर्चा केली. त्याने ती ऐकून घेतली.

आता जवाब द्यायची पाळी अंबाखेड्याची होती. काठावर पन्नास बायका आणि एकीलाही शिवी सुचेना, कारण तीस वर्षं त्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या. कोणी कामिनीला पुढे ढकललं. कामिनीजवळ सामग्री पुष्कळ होती, पण नेमकी ती सगळी सासूविरुद्धचीच होती. दिवस पिंपळामागे गेला. निंबोणं जिंकलं. फुलीबाई जिंकली. दगूबाई दगडावर बसली आणि आता कुठे, माघापासून पहिल्यांदा, तिने पदर डोळ्यांना लावला. दिवलीबाईला ऐकू येत नसल्यामुळे ती शेजारी निवांत सुपारी कातरत होती. सोबतीला अशी बाई उत्तम.

तेवढ्यात नदीतून ललित आला. भगवा कागद लावलेला नारळ हातात तसाच. गावाची लाज काढली, स्वतःच्या गावाला परक्या काठावरून हरवलं, आणि रेतीचा काय संबंध होता, कोणाला उद्देशून होतं ते, आधी सांग, असं तो दोन्ही गावांदेखत बोलत सुटला. दगूबाईने त्याला संपू दिलं. डोळे पुसले, पदर नीट केला, आणि मग म्हणाली:

“भो, त्या शिव्या फुलीन्या शेतस, मन्हा नाववर येल शेतस. दुसरीनी चिठ्ठी तू कसाले फोडस?”